दोन शब्दांची तार

खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड येतंय. चार दिवस झाले, भिंतींना चुना लावणं चाललंय. हल्ली चुना कोण लावतं? पण आमचे मालक पहिल्यापासूनच हात आखडून खर्च करणारे, आणि त्यांच्या मुलाने एवढा एक गुण तरी बापाचा घेतलाय. तो ओला, घशाशी येणारा वास जिना चढून वर येतो आणि माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन आहे. समोरच्या गॅलरीत एक मुलगी येरझारा घालत इतिहासाची उत्तरं घोकतेय, म्हणजे सहामाही सुरू झाली.

लोकांना आवडते ऋतू असतात. मला एक नावडता ऋतू आहे, तो हा. ओला चुना आणि सहामाही या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझं काही खरं नसतं. मी दूधवाल्यावर खेकसते, पंखा लावते, बंद करते, पुन्हा लावते. काल खालच्या नव्या बाई जागा बघायला आल्या होत्या. भिंतीला हात लावून त्यांनी तळवा बघितला आणि नाक मुरडलं. "अजून ओलंच आहे हो," म्हणाल्या. मी वर आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

पंचावन्न साली मी गोव्याहून मुंबईला शिक्षिका म्हणून आले. आज हे वाक्य कुणाला खटकणार नाही. पण तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं, आणि फोंड्याजवळच्या आमच्या गावातून अंधेरीला येणं म्हणजे कागदोपत्री चक्क परदेशी जाणं होतं. शाळेच्या कारकुनाने माझी माहिती भरता भरता पेन थांबवलं. "बाई, राष्ट्रीयत्व काय लिहू? पोर्तुगीज?" मराठी शिकवायला आलेली पोर्तुगीज बाई. तो हसला, मीही हसले. आमच्याकडे घरात कोकणी बोलायची आणि शाळेत मराठी शिकायची अशीच रीत, त्यामुळे माझं मराठी पुस्तकातून आलेलं, इस्त्री केलेलं. पण रागावले की इस्त्री मोडायची. पहिल्याच आठवड्यात दंगा करणाऱ्या सातवीला मी ओरडले, "भुरग्यांनो, गप्प बसा!" आमच्या भाषेत भुरगीं म्हणजे मुलं. वर्ग आधी गप्प झाला आणि मग जो हसत सुटला तो तास संपेपर्यंत. नंतर वर्षभर माझं नाव भुरगेबाई होतं.

निघताना आई दारात उभी होती. वडील मी लहान असतानाच गेलेले, भावंडं नाहीत, आम्ही दोघीच. ती म्हणाली, "तूं फुडें वच. घर मेळ्ळें म्हूण कळय, हांव दिवाळेक येतां." तू पुढे हो, घर मिळालं की कळव, मी दिवाळीला येते. बस, एवढंच ठरलं होतं आमचं. आमच्या घराला कुलूप लावून ती माझ्याकडे कायमची येणार होती.

घर मिळायला ऑगस्ट उजाडला. तोवर गिरगावात लांबच्या नातेवाइकांच्या गॅलरीत झोपत होते, आणि त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावर माझे दिवस भरल्याचं स्पष्ट दिसत होतं. अंधेरीला वर्सोव्याच्या रस्त्यावर शेतात एक तीन मजली इमारत नुकतीच उभी राहिली होती. मालकांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"एकट्या बाईला मी जागा देत नाही. मास्तरीण असो नाहीतर कलेक्टरीण."

"माझी आई येणार आहे."

"कधी?"

"दिवाळीला."

"मग ठीक. पण आई आली पाहिजे हां बाई. नाही आली तर जागा सोडायची. मागाहून रडारड नको."

मी मान हलवली. त्यात कठीण काय होतं? ज्या आठवड्यात किल्ली हातात पडली, त्याच आठवड्यात सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोव्याची हद्द बंद झाली. गाड्या थांबल्या, बोटी थांबल्या. तिकडची माणसं तिकडे, इकडची इकडे. पत्राला किती दिवस लागतील हे पोस्टातला माणूससुद्धा सांगेना. मी नव्या जागेत वळकटी टाकली, भिंतीला टेकले, आणि उठले तर पाठ पांढरी झालेली.

तरी मी घर लावलं, दोघींचं. हे आठवलं की आज मला माझी कीव येते आणि रागही येतो. दोन पाट आणले, दोन ताटं आणली. आतली खोली आईची. तिला खाटेवर झोप यायची नाही म्हणून जाड चटई शोधून आणली आणि ती ओल्या भिंतीपासून हातभर लांब घातली. नारळ खवायला विळी घेतली, तर तिची खवणी आईच्या हाताला बसणार नाही म्हणून परत केली आणि दुसरी आणली. मी एकटी त्यातलं एक ताट वापरायची. दुसरं आठवड्यातून एकदा घासून ठेवायची, नाहीतर त्यावर चुन्याची पूड बसायची.

शेजारी कर्णिक राहायचे. काका फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क, काकू घरी, मूलबाळ नाही. काकूंनी मला पहिल्या दिवशीच ताब्यात घेतलं. त्या बाजारात निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "माझ्यासाठी अर्धी दुदी आणाल?" त्यांनी दुधी भोपळा आणला. मला हवा होता तांबडा भोपळा, आमच्याकडे त्याला दुदी म्हणतात. "अगं मग तांबडा भोपळा म्हण ना! तुझं मराठी म्हणजे ना, शब्द आमचेच पण माल भलताच," काकू म्हणाल्या. आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून हसलो. त्या दिवसांत मी मनापासून हसले ते तेवढंच असेल.

कारण दिवस पुढे सरकत होते आणि पत्र येत नव्हतं. गणपती गेले, नवरात्र आलं. मी सकाळी उठून पहिल्यांदा कॅलेंडरकडे बघायची आणि दिवाळीला उरलेले दिवस मोजायची. मालक दर पंधरा दिवसांनी जिन्यात भेटायचे. "आई?" ते एकाच शब्दात विचारायचे. "येणार," मी एकाच शब्दात सांगायची.

आणि मग एका शनिवारी तार आली. मी शाळेत होते. काकांची अर्धी सुट्टी होती, त्यांनी सही करून घेतली. तार म्हटल्यावर फोडायची नाही असं कुणाला सुचणार? रोमन लिपीत दोनच शब्द होते आणि खाली माझ्या बाबलमामाचं नाव. पहिला शब्द एम, ए, ई. दुसरा एम, ई, एल, एच, ओ, आर. काकांचं इंग्रजी पक्कं. हे इंग्रजी नाही एवढं त्यांना कळलं, म्हणजे गोव्याकडची मराठीच इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असणार. त्यांनी ते मोठ्याने वाचलं. माय. मेल. पुढचं होर म्हणजे तारवाल्याची गडबड.

माय मेली.

मी संध्याकाळी पाचला घरी आले तर जिन्यात चार बायका बसलेल्या. माझ्याकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. काकू पुढे आल्या, माझ्या हातातलं वह्यांचं ओझं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "वासंती, खाली बस. बस आधी." मी बसले. त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी मला सांगितलं. मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ओरडले असेन, कारण दुसऱ्या दिवशी घसा बसला होता. त्या सगळ्या अनोळखी बायका माझ्याबरोबर रडत होत्या, हे मात्र लख्ख आठवतं. एकीने माझे पाय चेपले. काकूंनी पाणी तापवून ठेवलं होतं, मला नेसत्या लुगड्यानिशी न्हाणीत बसवून त्यांनी डोक्यावरून तांबे ओतले. एकाही बाईने माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं. तिची खोली मात्र सगळ्यांनी पाहिली होती.

न्हाऊन आल्यावर मी म्हटलं, "तार बघू." काकांनी ती खाली मान घालून दिली.

मी दोन इयत्ता पोर्तुगीज शिकले होते. मांय मेल्योर. आई बरी आहे. आधीपेक्षा बरी आहे. मामा पोर्तुगीज शाळेत शिकलेला, त्याला त्यांच्या तारघरात द्यायला तीच भाषा सोयीची वाटली असणार. मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला हसू फुटलं. ओले केस, लाल डोळे आणि मी हसतेय. बायकांना वाटलं मला भ्रम झाला. मी सांगितलं तेव्हा काका खुर्चीत बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान धरले. "माझं चुकलं गं पोरी. माझी अक्कल." काकूंनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की मलाच त्यांची दया आली. मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण एक बरं झालं हां. मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं. बघ तू."

बायका गेल्या. मी दार लावलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई बरी आहे म्हणजे आई आजारी होती. कधीपासून? काय झालं होतं? मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मधली पत्रं कुठेतरी अडकून पडली होती. माझं हसू तिथल्या तिथे आटलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगायला माझ्याकडे चांगले शब्द नाहीत. मी घाबरले होते, एवढंच. परवान्याच्या कचेरीत तीनदा गेले. तिसऱ्या वेळी कारकून वैतागून म्हणाला, "ओ बाई, सध्या अर्जच घेत नाहीत. आणि समजा गेलात, तर परत कशा येणार? ते मला नका विचारू." तो खोटं बोलत नव्हता. गेले तर नोकरी जाणार, जागा जाणार, आणि आईला आणायचं ते ठिकाणच उरणार नाही. नाही गेले तर ती तिकडे एकटी. रोज सकाळी ठरवायची की आज निघायचंच, आणि रोज अकराच्या घंटेला वर्गात उभी असायची.

वर्सोव्याची एक कोळीण आमच्याकडे मासे घेऊन यायची, हिराबाय. एका रविवारी मी तिच्या मागोमाग वर्सोव्याला गेले. किनाऱ्यावर काठ्यांच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, होड्या वर ओढलेल्या होत्या. मी दक्षिणेकडे बोट केलं आणि विचारलं, "हिराबाय, तुमची होडी गोव्यापर्यंत जाईल? माझ्या आईला आणायचंय." ती आधी हसली. मग तिने माझं तोंड बघितलं.

"आमची होरी अवऱ्या लांब नाय जात गो बाय. आन् गेली तरी तिकडं बंदुका घेऊन बसलेत."

तिने टोपलीतले दोन बांगडे माझ्या पिशवीत टाकले. पैसे देऊ लागले तर हात मागे घेतला. पाचवी-सहावीला भूगोलही शिकवणारी मी, मासेमारीच्या होडीतून आजारी म्हातारीला दर्यावरून आणायला निघाले होते. आज हसू येतं म्हणू का? नाही येत.

मग, तार येऊन गेल्यावर, तारेच्या आधी लिहिलेलं पत्र आलं. आईने मामाच्या मुलीकडून लिहून घेतलेलं. तापाचा उल्लेख एका ओळीत, बाकी सगळं घराबद्दल. खिडकी कुठल्या दिशेला आहे? तुळस ठेवायला जागा आहे का? विहीर नाही म्हणतेस, मग पाणी कुठून येतं? आणि शेवटी, "जिन्याला पायऱ्या किती आहेत ते कळव. मला आता दम लागतो." मी पत्र हातात घेऊन खाली गेले आणि मोजत वर आले. छत्तीस. मी लिहिलं, "छत्तीस आहेत, पण मधे दोन ठिकाणी बसायला ऐसपैस जागा आहे. सावकाश चढू. मी हात धरीन." हे पत्र तिला मिळालं की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

सहामाही सुरू झाली. सातवीच्या वर्गात मराठीचा पेपर होता आणि मी बाकांमधून फिरत होते. दारात काका दिसले. भर उन्हात घरून चालत आलेले, टोपी हातात, शर्ट पाठीला चिकटलेला. तार आली म्हणून त्या दिवशी त्यांनी कचेरीला दांडी मारली होती. त्यांनी खिशातून तार काढली. ती फोडलेली नव्हती.

"मी वाचली नाही गं. तूच वाच."

मी वाचली. पुन्हा दोनच शब्द. पहिला तोच. दुसरा फालेसेऊ. म्हणजे वारली.

काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांना घाम पुसायचंही भान नव्हतं. "बरी आहे ना? वासंती, बरी आहे ना गं?"

आई गेली हे कळल्यावर दुसऱ्याच क्षणी मला जागा आठवली. हे लिहायला मी चाळीस वर्षं घेतली. माझ्या डोळ्यांपुढे आई आली नाही, मालक आले, जिन्यात उभे राहून एका शब्दात विचारणारे. गिरगावची ती गॅलरी आली. परतीची वाट तर नव्हतीच. आई येणार नाही म्हणजे मला राहायला जगात कुठेही जागा नाही, हा हिशेब माझ्या डोक्याने माझ्या आधी करून टाकला. आणि मी म्हटलं, "हो काका. बरी आहे."

त्यांनी डोळे मिटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ही म्हणत नव्हती? आयुष्य वाढलंय तिचं." आणि ते टोपी घालून उन्हात चालू लागले. मी वर्गात गेले. एक मुलगी पुरवणी मागत उभी होती. मी तिला पुरवणी दिली, दोरा दिला.

त्या दिवाळीत मी घराला कंदील लावला. दारात रांगोळी काढली. सुतकात माणूस जे जे करत नाही ते सगळं मी केलं, कारण न केलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. नरकचतुर्दशीला काकू तेलाची वाटी घेऊन पहाटे माझ्या दारात. "तुझी आई येईपर्यंत मी. चल, बस पाटावर." त्यांनी माझ्या पाठीला तेल लावलं, केसांत जिरवलं. मी गुडघ्यांत तोंड घालून बसले होते. "किती ताठ केलीस पाठ, सैल सोड ना जरा," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या हातच्या करंज्या खाल्ल्या. दोन खाल्ल्या, तिसरी त्यांनी आग्रहाने वाढली, तीही खाल्ली.

मला रडायचं होतं आणि रडायला जागा नव्हती. शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू यावा इतक्या त्या भिंती पातळ. शाळेत शिक्षकांची खोली नेहमी भरलेली. एकदा मी वर्सोव्याला जाऊन रडायचं ठरवलं, तर हिराबाय समोर उभी. "आयशीला कसं हाय?" "बरं आहे," मी म्हटलं आणि बांगडे घेऊन परत आले.

मालक विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. हद्द बंद होती, त्यामुळे माझ्या खोट्याला सरकारचाच आधार होता. फळ्यावर मी मुलांना तीन काळ शिकवायची. आई येते, आई आली, आई येईल. मुलं एका सुरात म्हणायची, आणि माझी आई मी तिसऱ्या वाक्यात ठेवून दिली होती. वर्षभराने मालकांनी विचारणं कमी केलं, दोन वर्षांनी बंद केलं. भिंतीही वाळल्या. लोक म्हणतात तसं मी घरात रुळले. या शब्दाची मला चीड आहे.

सहा वर्षं गेली आणि एका डिसेंबरात गोवा मोकळा झाला. सगळीकडे आनंद, शाळेत साखर वाटली. मी घरी आले तर काकू दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या. त्यांचा चेहरा असा फुललेला की माझ्याच घरचं कार्य असावं.

"आता काय, उघडली वाट! या सुट्टीत जा आणि घेऊनच ये आईला. मी यांना सांगितलंय, स्टेशनवर आपण टॅक्सी करायची. त्यांना पायऱ्या कशा चढवायच्या तेही ठरवून ठेवलंय मी."

माझ्याकडे आता एकही खोटं शिल्लक नव्हतं. मी म्हटलं, "काकू, ती गेली."

"गेली म्हणजे? कधी?"

"काका शाळेत तार घेऊन आले होते, तेव्हा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना दिवस मोजताना बघत होते. "म्हणजे त्या दिवाळीत… मी तुला तेल लावलं."

"हो."

"करंज्या घातल्या खायला. आणि तू खाल्ल्यास."

"जागा गेली असती, काकू."

"अगं, जागा कशी काढून घेतो ते बघितलं असतं आम्ही," त्या रागाने म्हणाल्या. पेढ्यांचा पुडा त्यांनी जमिनीवर ठेवला आणि उंबऱ्यातच बसल्या. "तिला पाहिलंही नव्हतं तरी एकदा रडलो आम्ही. पुन्हा रडलो नसतो का?"

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"नाव काय होतं गं त्यांचं?"

सहा वर्षं अख्खी इमारत माझ्या आईची वाट बघत होती, आणि तिचं नाव कुणी विचारलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं.

"सुभद्रा," मी म्हटलं.

काकूंनी ते स्वतःशी एकदा उच्चारलं. मग आम्ही दोघी रडलो.